गाडी चालवताना रियाज: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी पुण्यात तबला शिकवते. माझ्याकडचे निम्म्याहून जास्त विद्यार्थी नोकरदार आहेत. सकाळी कोथरूड नाहीतर सिंहगड रोडवरून निघायचं, हिंजवडी गाठायची आणि संध्याकाळी तोच रस्ता उलटा कापायचा. दिवसाचे दीड-दोन तास गाडीतच जातात, घरी पोचेपर्यंत हात गळून गेलेले असतात. मग कोणी ना कोणी विचारतंच, "ताई, गाडीत रियाज केला तर?" प्रश्न मनापासून विचारलेला असतो, म्हणून त्याला तसंच उत्तर द्यायला हवं. इतके दिवस तोंडी देत आले, आता सगळं एका जागी लिहून ठेवते आहे. उदाहरणं बहुतेक तबल्याची आहेत, पण गाणाऱ्यांनी आणि बासरीवाल्यांनीही वाचावं.

गाडी चालवता चालवता रियाज करणं सुरक्षित आहे का?

नाही. वाद्य हातात किंवा तोंडात घेऊन तर नाहीच नाही. वाद्य न घेता नुसत्या तोंडाने, किंवा अगदी मनातल्या मनात केलेला रियाजही सुरक्षित नाही. ऐकणं ही वेगळी गोष्ट आहे, त्याबद्दल पुढे लिहिलंय. गाडी उभी करून केलेला रियाज तर मी स्वतः करते, त्याबद्दलही लिहिलंय.

हात स्टिअरिंगवर आहेत, डोळे रस्त्यावर आहेत. नुसती पढंत (तबल्याचे बोल तोंडाने म्हणणं) केली तर काय बिघडतं?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो. मीही बरीच वर्षं याच समजुतीत होते.

एका पावसाळी संध्याकाळी मी वारज्याच्या बाजूने बायपासवरून घरी येत होते. दोन दिवसांवर कार्यक्रम होता आणि त्यात वाजवायची चक्रदार, म्हणजे तिहाईसकट तीनदा वाजवायची रचना, तोंडात नीट बसत नव्हती. तिसऱ्या फेरीच्या तिहाईत (तीनदा येणाऱ्या शेवटच्या तुकड्यात) अर्धी मात्रा कुठेतरी सांडत होती. मी मोठ्याने म्हणत होते, डाव्या हाताच्या अंगठ्याने स्टिअरिंगवर मात्रा धरत होते. या वेळी सगळं जुळत आलं. शेवटचा धा बरोबर समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, पडला आणि त्याच क्षणी मला समोरच्या ट्रकचे लाल दिवे दिसले. ते आधीपासून लागलेले होते, पण मला तेव्हा दिसले. सगळा जोर लावून ब्रेक दाबला, गाडी थोडी घसरली आणि ट्रकच्या मागे दोन हातांवर थांबली. मागच्या गाडीवाल्याने वेळेत आवरलं म्हणून वाचले. वायपर चालू होते, हात थरथरत होते. मागचा किलोमीटरभर रस्ता कसा आला हे आठवायला गेले, तर काहीच आठवेना. सम मात्र अचूक आली होती.

डोळे रस्त्यावर असणं आणि रस्ता दिसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अमेरिकेतल्या युटा विद्यापीठात डेव्हिड स्ट्रेयर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गाडी चालवताना फोनवर बोलणाऱ्यांचा अभ्यास केला. फोन हातात न धरता बोलणाऱ्यांचंही लक्ष तितकंच उडत होतं. नजर थेट ज्या वस्तूवर पडली होती, तीसुद्धा नंतर त्यांच्या लक्षात राहत नव्हती. हात मोकळे असून उपयोग नव्हता, मन गुंतलेलं होतं. पढंतीत मन किती गुंततं हे तबलजीला वेगळं सांगायला नको.

तालाच्या माणसाची आणखी एक अडचण आहे, ती फोनवर बोलणाऱ्याला नाही. आपल्याला वर्षानुवर्षं एकच शिस्त लावलेली असते: काहीही झालं तरी समेपर्यंत जायचं, मध्ये सोडायचं नाही. बोल चुकला, पान उलटलं, समोर कोणी उठून गेलं, तरी आवर्तन (तालाचा एक पूर्ण फेरा) पूर्ण करायचं. मंचावर ही शिस्त आपल्याला तारते. रस्त्यावर मात्र आठव्या मात्रेला आहे तिथे सोडून ब्रेक दाबावा लागतो. त्या संध्याकाळी मी तिहाई अर्धी टाकायला तयार नव्हते. तो निर्णय मी जाणूनबुजून घेतला नव्हता, अंगवळणी पडलेल्या शिस्तीने घेतला होता.

आता हिशोब करा. मिनिटाला ६० मात्रा अशी ठाय लय धरा. ताशी ६० किलोमीटरने जाणारी गाडी एका मात्रेत जवळपास १७ मीटर जाते. तीनतालाचं एक आवर्तन, म्हणजे १६ मात्रा, होईतो ती सुमारे २६७ मीटर पुढे गेलेली असते. पाव किलोमीटरच्या वर. लय दुप्पट केली तरी एका आवर्तनात १३३ मीटर होतात.

अगदी पाठ असलेलं म्हटलं तर? तबल्यातला कायदा (बोलांची ठरलेली रचना) वीस वर्षं म्हणतोय.

पाठ असलेलं गुणगुणणं आणि रियाज यांत फरक आहे, तो मान्य. मोकळ्या रस्त्यावर तोंडातल्या तोंडात 'धा धिं धिं धा' चालू असेल आणि तुमचं तिकडे लक्षही नसेल, तर ते कुणीही गाणं गुणगुणावं तसंच आहे. पारख साधी आहे. समोर चौक आला, रिक्षा आडवी घुसली, की तोंड आपोआप थांबतं का? थांबत असेल तर ते गुणगुणणं. "एवढा पल्टा संपू दे" असं आत कुठेतरी वाटलं, की रियाज सुरू झाला म्हणून समजा, आणि तो थांबवा.

नवी बंदिश, दुगुण-तिगुण (दुप्पट-तिप्पट लय), आडलय (दीडपट लय), नव्या जागेवरून उठणारी तिहाई यातलं काहीही गाडी चालवताना नको. यात मी कोणालाच सूट देत नाही, विशारद झालेल्यांनाही नाही.

सिग्नलला थांबल्यावर स्टिअरिंगवर बोट चालवलं तर?

सिग्नलचे नव्वद सेकंद फुकट जातात असं वाटतं, कळतं मला. पण दिवा हिरवा होतो तेव्हा तुम्ही तिरकिटच्या मध्यावर असता. गाडी पुढे निघते आणि मन मागे राहतं. चौकात नेमक्या त्याच वेळी कोणीतरी उरलेला लाल दिवा तोडून आडवा येत असतो.

दुसरं कारण शिक्षिका म्हणून सांगते. स्टिअरिंगवर हात बिघडतो. तिथे ना तबल्याची कडेची चाट असते, ना मधली लव, ना काळी शाई. मनगट वर अडकलेलं, कोपर हवेत, बोटाला परत उसळी देणारी पुडी (तबल्यावरचं कातडं) नाही. मग 'ना' आणि 'ती' दोन्ही सारखेच ठॉकठॉक वाजतात. असा महिनाभर 'रियाज' करून आलेल्या विद्यार्थ्याचं तिरकिट पुन्हा सरळ करायला मला दोन महिने लागले आहेत. बोटं वेगाने हलत होती, पण पडत होती चुकीच्या जागी.

गाणाऱ्यांनी पलटे किंवा आकार केला तर? त्यांना तर हातही लागत नाहीत.

लक्षाचा मुद्दा तोच आहे. शिवाय गळ्याचं नुकसान वेगळं. आजूबाजूला आवाज असला की माणूस नकळत स्वर चढवून बोलतो आणि गातो. एत्येन लोंबार नावाच्या फ्रेंच डॉक्टरने शंभरहून अधिक वर्षांपूर्वी हे नोंदवलं, आणि आजही ते त्याच्याच नावाने ओळखलं जातं. गाडीत इंजिन, टायर, एसीचा पंखा आणि बाहेरचे हॉर्न या सगळ्यांवर तुम्ही गाता, आणि आपण जोर लावतोय हे कळतही नाही. पट्ट्याने छाती-पोट आवळलेलं, पाठ मागे रेललेली, एसीची कोरडी हवा थेट तोंडावर. खर्जाचा सूर अशा बैठकीत लागत नाही. लागल्यासारखा वाटतो एवढंच.

इंजिनाची स्वतःची घरघर असते आणि गिअर बदलला की ती वरखाली होते. मोबाइलवर काळी चार या पट्टीचा तानपुरा लावलाय आणि खाली इंजिन दुसराच षड्ज धरून बसलंय, अशा जागी कान तयार होणार कसा?

मग गाडीत काहीच करायचं नाही का?

ऐका. भरपूर ऐका. आपल्याकडे शिष्य गुरूच्या मागे बसून वर्षानुवर्षं नुसता ऐकायचा, त्यालाही शिक्षणच म्हणायचे.

पण कसं ऐकायचं ते सांगते. काय लावायचं ते घरातून निघायच्या आधी ठरवा, गाडी सुरू झाल्यावर यादी चाळू नका. आवाज एवढाच ठेवा की मागच्या दुचाकीचा हॉर्न आणि रुग्णवाहिकेचा भोंगा ऐकू येईल. विलंबित ख्याल उत्तम, आलाप उत्तम. नुसता लेहरा (तबल्याच्या साथीला फिरत राहणारी धून) लावू नका. तो वाजायला लागला की आपला हात शिवशिवणारच, मनात बोल सुरू होणारच. आणि द्रुत सोलो तबला मी स्वतः गाडीत लावणं बंद केलंय. इस्राएलच्या बेन-गुरियन विद्यापीठातल्या वॉरन ब्रॉडस्की यांनी सिम्युलेटरवर गाडी चालवणाऱ्यांना वेगवेगळ्या लयीचं संगीत ऐकवून पाहिलं. लय चढली तशी लाल दिवे तोडणं आणि लेन सोडणं वाढलं. हा प्रयोग २००१ साली प्रसिद्ध झाला. रेल्याच्या (वेगवान बोलांच्या रचनेच्या) शेवटी पाय अॅक्सिलरेटरवर जरा जास्त दाबला जातो हे मी स्वतः अनुभवलंय, त्यामुळे मला त्याचं आश्चर्य वाटलं नाही.

आणि ऐकताना मात्रा मोजू नका. एकच रेकॉर्ड आठवडाभर लावा, ती आपोआप आत उतरते. शनिवारी घरी बसून मोजा.

भीमसेनजी स्वतः गाडी चालवत मैफलींना जायचे ना? मग?

हो, पंडित भीमसेन जोशींना गाडी चालवण्याचा विलक्षण शौक होता. साथीदारांना घेऊन शेकडो किलोमीटर ते स्वतः चालवत जात, हे पुण्यात सगळ्यांना माहीत आहे. त्यातून मी एवढंच घेते की गाडी चालवण्यावर त्यांचं मनापासून प्रेम होतं. प्रेम असलेल्या कामाला माणूस पूर्ण लक्ष देतो. "ते चालवायचे, म्हणून मी चालवताना पलटे घोटतो" हा अर्थ त्यातून निघत नाही. शिवाय त्या काळातले रस्ते आणि आजचा चांदणी चौक यांची तुलनाच होत नाही.

बासरी किंवा माउथऑर्गन एका हाताने...?

नको. वाक्य पूर्णही करू नका. स्टिअरिंगमधली एअरबॅग डोळ्याचं पातं लवायच्या आत, सेकंदाच्या वीसाव्या भागाच्या आसपास, पूर्ण फुगते. तिच्यापासून छाती निदान २५ सेंटिमीटर लांब असावी असं सांगतात. त्या मधल्या जागेत बांबूची नळी असेल, दातांत माउथऑर्गन असेल, तर जीव वाचवणारी ती पिशवी तेच वाद्य तुमच्या तोंडात ठोकेल. ट्रम्पेट वाजवणारे काही जण नुसता माउथपीस, म्हणजे फुंकायचा तुकडा, ओठांना लावून सराव करतात. त्यांनाही हेच लागू आहे.

स्कूटरवर कानात इअरफोन घालून लेहरा ऐकला तर चालेल?

दुचाकीवर कान हाच तुमचा आरसा असतो. मागून येणारी बस आधी ऐकू येते, मग दिसते. दोन्ही कान बंद करून चालवणं मला भीतीदायक वाटतं. एका कानातही नको.

ढोल-ताशा पथकातल्या मुलामुलींसाठी मुद्दाम लिहिते. गणपतीच्या आधी दोन महिने नदीकाठी सराव सुरू झाला, की रात्री स्कूटरवर पुढे चालवणारा, मागे बसलेला आणि दोघांच्या मध्ये ढोल असं दृश्य रोज दिसतं. चालवणारा पुढे ढकलला गेलेला, हँडल पूर्ण वळत नाही, मागचा दोन्ही हातांनी ढोल धरून बसलेला, आणि वर ढोलावर बोटांनी हात चालू. ढोल सरावाच्या जागीच ठेवायची सोय करायला पथकप्रमुखांना सांगा. ती होत नसेल तर चार-पाच जणांनी मिळून टेम्पो करा.

कायद्यात याबद्दल काही आहे का?

'वाद्य वाजवू नये' असं नाव घेऊन लिहिलेलं नाही, पण त्यामुळे सुटका होत नाही. मोटार वाहन कायदा १९८८, कलम १८४ हे धोकादायक वाहन चालवण्याबद्दल आहे. २०१९ च्या दुरुस्तीने त्यात स्पष्टीकरण घातलं: चालवताना हातात फोन वापरणं तर आलंच, पण सक्षम आणि काळजीपूर्वक चालकाकडून जी अपेक्षा असते तिच्या फार खाली जाणारं, उघड धोकादायक असं कोणतंही चालवणं त्यात येतं. पहिल्या गुन्ह्याला सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा १,००० ते ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. तबल्याचं अॅप हातात घेऊन लय बदलणं हे सरळसरळ फोन वापरणंच आहे.

मुलीची परीक्षा जवळ आलीय. शाळेत सोडताना ती मागे बसून पढंत करते, मी चुका सांगते. हे चालेल ना?

मुलीने जरूर म्हणावं. प्रवेशिका-मध्यमाच्या तोंडी परीक्षेत हाताने टाळी-खाली (टाळी द्यायची आणि रिकामा हात दाखवायची मात्रा) दाखवून बोल म्हणावे लागतात. मागच्या आसनावर पट्टा लावून बसलेल्या मुलीला त्यासाठी वीस मिनिटं म्हणजे चांगला वेळ आहे. तुम्ही मात्र चुका काढू नका. रूपकात खाली पहिल्याच मात्रेला येते, तिथे मुलं हमखास गडबडतात. तुमचं सगळं लक्ष मग "आता ती खाली दाखवते की टाळी" याकडे जातं, मान आरशाकडे वळते. तिला फोनवर ध्वनिमुद्रण करायला सांगा, संध्याकाळी चहा घेताना दोघी मिळून ऐका. आणि कधी तिच्या आवाजाने तुमचं लक्ष उडायला लागलं तर तिला थांबायला सांगायलाही अनमान करू नका.

गाडी उभी करून आत रियाज केला तर?

हे मला फार आवडतं. फ्लॅटमध्ये भिंतीला भिंत, खाली आजोबा झोपलेले, वर दहावीचा मुलगा. रियाजाला जागा नसणं हे खरं दुखणं आहे. उभी गाडी ही चार दारांची छोटी खोली आहे. आसनांच्या कापडात आवाज मुरतो, बाहेर फार जात नाही. आत घुमारा नसल्यामुळे आपले दोष उघडे ऐकू येतात, हा फायदाच धरा.

तबला-डग्गा गाडीत नीट बसत नाही, तो हट्ट सोडा. पण हाताने ताल धरून पढंत, वहीत बंदिश लिहून काढणं, मांडीवर निकासाची (बोल काढायची) जागा मनात धरून सावकाश हात फिरवणं, हे सगळं होतं. माझ्या एका बासरीवाल्या मैत्रिणीने शोधलेली युक्ती सांगते. बासरी उजवीकडे धरतात आणि आपल्याकडे चालकाच्या उजव्या हाताला दार असतं, त्यामुळे चालकाच्या जागी बसून लांब बासरी धरताच येत नाही. तिने चालकाशेजारच्या आसनावर बसायचं ठरवलं. आसन पूर्ण मागे, बासरीचं टोक मोकळ्या ड्रायव्हर सीटकडे. रोज ऑफिस सुटल्यावर पार्किंगमध्ये अर्धा तास ती अशी बसते, आणि गर्दी ओसरली की निघते. व्हायोलिनचा गज मात्र छताला आपटतो, त्याला गाडी कामाची नाही.

तीन गोष्टी कटाक्षाने पाळा. इंजिन बंद. बंदिस्त गॅरेजमध्ये किंवा तळघरातल्या पार्किंगमध्ये इंजिन आणि एसी चालू ठेवून बसू नका. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, गुंगी येते आणि कळतही नाही. दोन्ही बाजूंच्या काचा दोन बोटं खाली. आणि गाडी रस्त्याच्या कडेला, हायवेच्या खांद्यावर उभी करायची नाही, पार्किंगमध्येच. वॉचमनकाकांना आधी सांगून ठेवा, म्हणजे अंधारात एकटं कोणी गाडीत बसून बोलतंय म्हणून ते काळजीत पडणार नाहीत.

वाद्य दिवसभर गाडीतच ठेवलं तर? संध्याकाळी थेट क्लासला येता येईल.

उन्हाळ्यात अजिबात नको. बाहेर ४० अंश असेल तर बंद गाडीत तासाभरात ५० च्या वर जातं. पुडी ताणून स्वर चढतो, शाईला तडे जातात, सरस धरलेले सांधे सुटतात, बासरी उभी चिरते. वाद्य ऑफिसात टेबलाखाली ठेवायची परवानगी मागा. बहुतेक ठिकाणी देतात.

ठेवायचंच तर डिकीत, पट्ट्याने बांधून. मागच्या आसनावर मोकळा पितळी डग्गा कधीही ठेवू नका. ताशी ५० च्या वेगाने धडक बसणं म्हणजे साधारण तिसऱ्या मजल्यावरून खाली येणं. तो डग्गा त्याच वेगाने तुमच्या मानेवर येईल.

मग रोजचे दोन तास प्रवासात गेल्यावर रियाज करायचा कधी?

शक्य असेल त्या दिवशी गाडी घरी ठेवा. कंपनीची बस, पीएमपी, वनाज-रामवाडी मेट्रो, ऑफिसातल्या कोणाबरोबर आळीपाळीने एक गाडी, जे जमेल ते. प्रवासी म्हणून बसलात की तोच वेळ तुमचा. बोटांच्या पेरांवर मात्रा मोजा: चार बोटांची तीन-तीन पेरं आणि चार टोकं मिळून बरोबर सोळा होतात, आख्खा तीनताल एका हातावर मावतो. अंगठा फिरवत ओठ न हलवता कायदा म्हणत राहायचं, शेजारच्याला पत्ताही लागत नाही. माझा एक विद्यार्थी आठवड्यातून तीन दिवस बसने जायला लागला आणि त्याची आडलय त्या पेरांवरच बसली.

उरलेल्या दिवशी घरी आल्यावर वीस मिनिटं. त्याहून जास्त ठरवू नका, कारण मोडतं. जेवायच्या आधी, कपडे बदलून, फोन दुसऱ्या खोलीत. पहिली पाच मिनिटं फक्त 'ना' आणि 'धा', इतक्या सावकाश की दोन बोलांच्या मध्ये खालचं ट्रॅफिक ऐकू यावं. पुढची दहा मिनिटं एकच कायदा, त्याच लयीत. शेवटची पाच मिनिटं मनाला येईल ते वाजवा.